जिन्याचं बेबी गेट, पाच महिने वापरून: खालच्याला चार स्टार, वरच्याला दोन

आधीच सांगते, एकाच मॉडेलची दोन गेटं घेतली होती, एक जिन्याच्या खाली लावायला आणि एक वर. खालच्याला मी चार स्टार देतेय आणि वरच्याला दोन, तेही दोन अशासाठी की ते आता स्वयंपाकघराच्या दारात गेलंय आणि तिथे बरं चाललंय. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण तेच गेट आणि तोच फोटो मला चार वेगवेगळ्या नावांनी दिसला, किंमत तेवढी दोनशे-चारशेनी इकडे तिकडे. मला एक 3,300 ला पडलं, वर एक्स्टेन्शनचे वेगळे पैसे, ते पुढे सांगते.

आमचं नाशिकला रो-हाऊस आहे, जुनं, सासऱ्यांनी घेतलेलं. हॉलमधूनच जिना वर जातो, 17 पायऱ्या, काळा ग्रॅनाईट, आणि पॉलिश असं की ट्यूब लावली की पायरीत ट्यूब दिसते. पाहुणे आले की कौतुक करतात. मीही करायचे, गोट्या रांगायला लागेपर्यंत.

गोट्या दहा महिन्यांचा असताना एका सकाळी बाबा (सासरे) हॉलमध्ये पेपर वाचत होते, मी आत कुकर लावत होते, आणि एकदम घर शांत झालं. लहान मूल असलेल्या घरात शांतता झाली की समजायचं काहीतरी चाललंय. बाहेर येऊन बघते तर हा सहाव्या पायरीवर बसलेला, पाय खाली सोडून, अगदी गणपतीसारखा. चढताना काही प्रॉब्लेम नाही हो यांना, चढणं आधी येतं, उतरणं बरंच नंतर, आणि मधल्या काळात हे वर जाऊन अडकतात आणि खाली यायचं म्हणून सरळ पुढे झेप घेतात, डोकं आधी. डोकंच सगळ्यात जड असतं या वयात, त्यामुळे तोल गेला की ते आधी खाली येतं. मी ओरडले नाही, हळूहळू वर जाऊन उचलला, आणि त्याच दुपारी गेट मागवलं.

खरं तर त्याच्या आधीच शहाणं व्हायला हवं होतं. साडेपाच महिन्यांचा असताना तो दिवाणावरून पडला होता. दिवाण किती उंच, तर 18 इंच, मी नंतर टेप घेऊन मोजला. डायपर बदलत होते, वाइप्सचं पाकीट खाली पडलं, ते घ्यायला वाकले, तेवढ्यात. आवाज अजून कानात आहे, अंगणात नारळ पडावा तसा. सासूबाई धावत आल्या, आधी फरशीला दोन चापट्या, "हात् रे फरशी, माझ्या सोन्याला लागलं", मग साखरेचा डबा काढला तेव्हा मी त्यांना थांबवलं कारण अजून वरचं काही सुरूच केलं नव्हतं, आणि मग जवळ घेऊन त्या म्हणाल्या, "पडे झडे माल वाढे, रडू नकोस तू." मीच जास्त रडत होते.

डॉक्टरांनी तपासलं, टेंगूळ होतं, बाकी ठीक. चोवीस तास लक्ष ठेवायला सांगितलं, परत परत उलटी झाली, उठवूनही नीट जागा होत नसेल, झटका आला, नाकाकानातून पाणी किंवा रक्त आलं, तर रात्र आहे की दिवस ते न बघता सरळ हॉस्पिटल. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, "हा कुशीवर कधीपासून वळतोय?" मी म्हटलं परवापासून. "मग परवापर्यंत तुमचं बरोबरच होतं," एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आता गेटकडे येते. हे प्रेशरवालं गेट आहे, म्हणजे ड्रिल लागत नाही, चार कोपऱ्यांना चार स्क्रूचे रॉड असतात, त्यांच्या टोकाला रबरी वाट्या, त्या दोन्ही बाजूंच्या भिंतीला टेकवून रॉड फिरवत आवळत न्यायचे. एक गोष्ट मला कोणीतरी आधी सांगायला हवी होती: बॉक्समधून काढल्यावर हे गेट वाकडं दिसतं. दार आणि फ्रेम यांच्यात बोटभर फट असते, कडी लागतच नाही, आणि लोक तिथेच वैतागून एक स्टार देऊन परत पाठवतात, खाली अशा रिव्ह्यूंची रांग आहे बघा. ते तसंच असतं! रॉड आवळले की फ्रेम दाबली जाते आणि फट मिटते. माझा नवरा इंजिनिअर आहे, त्याने अर्धा तास कस्टमर केअरशी भांडून मग मॅन्युअल उघडलं.

माप घेताना स्कर्टिंग विसरू नका. आमचा जिना वर भिंत-ते-रेलिंग 96 सेंटीमीटर, पण खाली स्कर्टिंग बाहेर आलंय म्हणून तिथे दीडेक सेंटीमीटर कमी, त्यामुळे खालचे रॉड वेगळे आणि वरचे वेगळे फिरवावे लागले. गेट साधं 75 ते 84 चं, म्हणून 14 चं एक्स्टेन्शन प्रत्येकी 700. शिवाय आमच्या रेलिंगचा खांब गोल स्टीलचा पाइप आहे आणि गोल पाइपवर सपाट वाटी टिकत नाही, सरकते. त्याला वाय आकाराचा जोड मिळतो, तोही वेगळा घ्यायचा. तर 3,300 चं गेट साडेचार हजाराच्या आसपास जातं, हे धरून चाला.

खालच्या गेटबद्दल तक्रार फार नाही. उभ्या सळ्या, पाय ठेवायला आडवं काही नाही, उंची 76 सेंटीमीटर, दार सोडलं की आपोआप बंद होतं, आणि गोट्या रोज सकाळी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवतो तरी टिकलंय. फक्त दर पंधरा दिवसांनी रॉड तपासायचे, कारण हलवून हलवून ते ढिले होतात. आम्हाला कळलं कसं, तर भिंतीखाली फरशीवर पांढरी पावडर दिसायला लागली. मला वाटलं पावडरचा डबा सांडला, पण ती पुट्टी होती, वाटी भिंतीवर घासून उकरत होती. तो एक स्टार तिथे कापला.

वरचं गेट मात्र फसलं, आणि यात चूक आमची आणि विकणाऱ्याची अर्धी अर्धी. वेबसाईटवर फोटो काय, तर गोरं गोमटं बाळ जिन्याच्या वरच्या टोकाला गेट धरून उभं. आणि मॅन्युअलमध्ये, मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात: जिन्याच्या वरच्या टोकाला वापरू नये. अहो मग फोटो कशाला! कारणं दोन आहेत आणि दोन्ही डोक्यात ठेवण्यासारखी. एक म्हणजे नुसत्या दाबावर उभं असलेलं गेट जोराने ढकललं गेलं तर निखळू शकतं, आणि खाली असेल तर गेट पडेल एवढंच, वर असेल तर गेट आणि बाळ दोघं सतरा पायऱ्या जातील. दुसरं कारण आम्हाला प्रात्यक्षिक करून कळलं. या गेटांना खाली फरशीलगत एक आडवा पाइप असतो, फ्रेमचा भाग, दार उघडलं तरी तो तिथेच राहतो, बोटभर उंच, उंबरठ्यासारखा. आता उंबरठा दाराला असतो, जिन्याच्या तोंडाशी कोणी घालतं का? सासूबाई गच्चीवरचे वाळलेले कपडे घेऊन येत होत्या, हनुवटीपर्यंत ढीग, पाय दिसतच नव्हते, आणि चपलेचं टोक त्या पाइपात अडकलं. नशीब की एक हात रेलिंगवर होता. कपडे सगळे हॉलपर्यंत गेले, खाली गेटमागे उभ्या गोट्याने टाळ्या वाजवल्या, आणि आई तिथेच वरच्या पायरीवर बसून राहिल्या, पाच मिनिटं कोणाशी बोलल्या नाहीत.

पोरासाठी लावलं आणि आजीच पडली असती.

ते गेट त्याच दिवशी काढलं. वर आता आमच्या गल्लीतल्या ग्रिलवाल्याकडून करून घेतलंय, भिंतीत आणि खांबाला पक्कं बोल्ट केलेलं, बिजागरीवर फिरणारं, खाली पाइप नाही. रंगासकट 3,500. त्याला समजवायला वेळ लागला कारण त्याला डिझाईन करायचं होतं. "मॅडम, मध्ये दोन आडव्या पट्ट्या आणि एक फूल टाकू, शोभा येईल." मी म्हटलं दादा, ती शिडी होईल, याला पाय ठेवायला जागाच नको. तर माप लिहून दिलं: उंची 80 सेंटीमीटर, फक्त उभ्या सळ्या, दोन सळ्यांत 8 सेंटीमीटरच्या वर फट नाही, फरशीपासून चार बोटं वर, टोकं गोल घासलेली, आणि दार लँडिंगच्या बाजूला उघडेल, जिन्याच्या बाजूला कधीच नाही. कठड्याच्या फटी दहा सेंटीमीटरपेक्षा कमी असाव्या असं बऱ्याच देशांत बांधकामाच्या नियमात आहे, कारण तेवढ्यातून लहान मुलाचं अंग निसटतं आणि मग डोकं अडकतं. आम्ही अजून दोन सेंटीमीटर कमी ठेवलं, ग्रिलवाला म्हणाला चार सळ्या जास्त लागतील, लागू देत म्हटलं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं टाइप करतेय. तुम्ही कितीही महाग गेट घ्या, ते उघडं राहिलं तर काय उपयोग, आणि आमचं उघडं राहत होतं. या गेटची कडी अशी आहे की अंगठ्याने एक बटण मागे ओढायचं आणि त्याच वेळी दार थोडं वर उचलायचं. मला जमतं, नवऱ्याला जमतं. सासूबाईंच्या अंगठ्याचा सांधा दुखतो, त्यांना बरणीचं झाकण उघडायला त्रास होतो, त्यांनी हे दिवसातून किती वेळा करायचं? आणि गेटला सोय आहे की पूर्ण 90 अंशांत उघडलं की ते तसंच थांबतं, आपोआप बंद होत नाही. ते मला दुसऱ्या आठवड्यात कळलं. तिसऱ्या आठवड्यात कडीच्या खाचेत कपड्यांचा चिमटा सापडला, निळा, प्लॅस्टिकचा. दार लोटलेलं दिसायचं पण लागलेलं नसायचं.

मी थोडी चिडले, खोटं कशाला बोलू. आई म्हणाल्या, "अगं, मी दिवसभर वर-खाली करते, प्रत्येक वेळी ही कुलूप-किल्ली कोण करत बसेल? तू ऑफिसला जातेस." बरोबर होतं त्यांचं. एका रविवारी मी मुद्दाम मोजलं, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत खालचं गेट 53 वेळा उघडलं. मावशी फरशी पुसायला येतात तेव्हा तर बादली, मॉप, परत बादली, ते अकरा ते बारा गेट सताड उघडंच असायचं, आणि नेमका तोच वेळ, ओली फरशी, ओला ग्रॅनाईट, आणि आजी भाजीच्या घाईत.

तेव्हा मी थोडं वाचलं या विषयावर. ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच वर्षांखालच्या मुलांच्या जिन्यावरून पडण्याचा अभ्यास केला होता, पडून दवाखान्यात आलेली मुलं आणि न पडलेली मुलं, दोघांच्या घरात काय काय वेगळं होतं ते. गेट लावून बंद ठेवणाऱ्या घरांशी तुलना केली तर गेट नसलेल्या घरांत पडण्याची शक्यता साधारण अडीच पट निघाली, आणि गेट असून उघडं टाकणाऱ्या घरांत तीन पट. तीन! म्हणजे आमचं निळ्या चिमट्याचं घर गेट नसलेल्या घरापेक्षा काही बरं नव्हतं. मला तरी कारण सरळ वाटतं, गेट आहे म्हटल्यावर आपण बिनधास्त होतो, बाबा पेपरमधून मान वर करत नाहीत. त्याच अभ्यासात कार्पेट नसलेल्या जिन्यांवर धोका जास्त निघाला. आपल्याकडे कुठलं कार्पेट, आपल्याकडे ग्रॅनाईट आणि वर पॉलिश. त्याच लोकांचा फर्निचरवरून पडण्याचाही अभ्यास आहे, 2015 चा, त्यात वर्षाखालच्या बाळाला उंच जागेवर ठेवून बाजूला होणं यात शक्यता साडेपाच पटीच्या वर गेलीय. दिवाण, 18 इंच, वाइप्सचं पाकीट.

मग आम्ही काय केलं, तर आईंना लेक्चर द्यायचं बंद केलं आणि फेऱ्या कमी केल्या. वर काय काय होतं ज्यासाठी खाली-वर व्हावं लागतं ते बघितलं: गोट्याचे कपडे, इस्त्रीचं टेबल, बाबांची औषधं, आईंचा जपाचा आसन-माळ सगळा पसारा. सगळं खाली आणलं. मावशींना सांगितलं की जिना आधी, गोट्या झोपलेला असताना, आणि मग हॉल. पुढच्या महिन्यात परत मोजलं तर 53 चे 21. वरच्या ग्रिलच्या गेटला साधी सरकवायची कडी आहे, बाहेरच्या बाजूने, वर, आई ती तळहाताने सरकवतात, अंगठा लागतच नाही. म्हणून सांगते, घेण्याआधी घरात जे सगळ्यात जास्त वेळा गेट उघडणार आहेत त्यांच्या हातात ती कडी द्या, दुकानात जाऊन. ऑनलाईन घेतलंत तर परत करायची मुदत संपायच्या आत चार दिवस त्यांनाच वापरू द्या.

पायऱ्यांच्या कडेला ती काळी खरखरीत टेप लावली, दिसायला वाईट, बाबांना अजिबात आवडली नाही, पण पाय धरते. गोट्याचे लोकरीचे मोजे घरात बंद, अनवाणीच.

अजून एक, विषय निघालाच आहे तर. गोट्याच्या आत्याने प्रेमाने वॉकर आणला होता, चाकांचा, मध्ये बाळाला बसवायचा, समोर गाणी वाजणारा ट्रे. मी तो माळ्यावर टाकला आणि त्यावरून घरात थोडं वाजलं. पण कॅनडात 2004 पासून त्या वॉकरच्या विक्रीवर बंदी आहे, जुना विकायलाही नाही. अमेरिकेत 1990 ते 2014 मध्ये सव्वादोन लाखांवर बाळं वॉकरमुळे इमर्जन्सीत गेली, सगळी सव्वा वर्षाच्या आतली, आणि चारातली तीन जिन्यावरून पडलेली. त्यात बसलेलं मूल सेकंदाला मीटरभर जाऊ शकतं, आपण बघत असलो तरी हात पोचत नाही, म्हणजे "मी इथेच होते" याला अर्थ राहत नाही. आणि त्याने चालायला लवकर येतं हेही खरं नाही. आत्याला म्हटलं पांगुळगाडा आण ना, लाकडी, तीन चाकी, आपण सगळे त्यावरच चालायला शिकलो. त्यात निदान मूल स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं. तर तिने आणला, सावंतवाडीचा, लाल-पिवळा, आणि गोट्या तो ढकलत थेट खालच्या गेटवर नेऊन आपटतो. गेटला एक पोचा आलाय, बाकी काही नाही.

शेजारच्यांचं विचारणं झालं की त्यांच्या साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी घेऊ का. मी नको म्हटलं. ही गेटं साधारण दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतात, तसं बॉक्सवरच लिहिलंय. ती आमच्याकडे आली तेव्हा तिने स्टूल आणून गेटला लावलं आणि पलीकडे उतरली, पंधरा सेकंद लागले असतील. आता तिथून पडायचं म्हणजे जिना अधिक गेटची उंची. त्या वयाला चढ-उतर नीट शिकवावी लागते, आणि सोफ्याच्या पाठीवर चालायचं नाही हेही.

वरचं काढलेलं गेट स्वयंपाकघराच्या दारात लावलंय, खालच्या पाइपाला लाल टेप गुंडाळली आहे म्हणजे दिसतो तरी. तिथे सपाट फरशी आहे, अडखळलं तर अडखळलं. कुकर, गरम तवा, विळी सगळं त्यापलीकडे.

थोडक्यात घ्यायचं असेल तर जिन्याच्या खाली, दारात, पॅसेजमध्ये हे गेट घ्या, चांगलं आहे. वरच्या टोकाला प्रेशरवालं कुठलंच घेऊ नका, फोटोत काहीही दाखवू देत, भिंतीत बोल्ट केलेलं आणि खाली पाइप नसलेलंच. भाड्याचं घर असेल आणि मालक ड्रिल करू देत नसेल तर मालकाशी बोला, चार भोकं पुट्टीने बुजतात.

गच्चीचं अजून राहिलंय. आमच्या गच्चीचा कठडा आडव्या स्टीलच्या पाइपांचा आहे, तेव्हाची फॅशन, पाच पाइप, पाच पायऱ्या. सध्या गच्चीच्या दाराला वरची कडी लावून ठेवतो. नवरा म्हणाला कबुतरांची जाळी मारू, मी म्हटलं ती कबुतरांसाठी आहे, दहा किलोचं पोर धडकून लटकलं तर तिची काय गॅरंटी. न्यूयॉर्कमध्ये 1970 च्या दशकात उंच इमारतींच्या खिडक्यांतून मुलं पडायची म्हणून शहराने लहान मुलं असलेल्या घरांच्या खिडक्यांना गार्ड लावायचा कायदाच केला, 1976 साली, आणि ते गार्ड धातूचे, खिडकीच्या चौकटीत स्क्रूने पक्के बसवलेले. जाळी नाही.

तर रविवारी ग्रिलवाला येतोय गच्चीचं माप घ्यायला. कालच फोन आला होता त्याचा, "मॅडम, तिकडे तरी एक फूल टाकू का?"